मांडवा ते मालवण, दोघंच, छोट्या मोटरबोटीनं: मुक्काम कुठे करावेत?

रेवसकर

नमस्कार मंडळी. आमच्याकडे २३ फुटी फायबरची बोट आहे. मागे ११५ हॉर्सपॉवरचं फोरस्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, २०० लिटरची पेट्रोलची टाकी आणि पुढच्या भागात बुटकी केबिन, त्यात दोन माणसं नीट झोपतात. बोट मांडव्याला असते. आजवर खांदेरी-उंदेरी, कोर्लई आणि फार तर मुरूड एवढंच आमचं जाणं झालंय. त्याच्या खालचा किनारा पाण्यावरून पाहिलेला नाही.

मी यंदा निवृत्त झालो. सौ.ची आणि माझी जुनी इच्छा आहे की मांडव्याहून निघायचं आणि गावोगावी थांबत मालवणपर्यंत जायचं. घाई अजिबात नाही. जिथे थांबू तिथे उतरायचं, गावात फिरायचं, देवदर्शन करायचं, बाजारातली ताजी मासळी खायची, गाव आवडलं तर आणखी एक रात्र राहायचं. गाडीनं कोकण पुष्कळ पाहिलंय. तीच गावं समुद्राकडून बघायची आहेत.

नकाशावर मी असे मुक्काम काढलेत: मुरूड, हरिहरेश्वर, केळशी, गुहागर, गणपतिपुळे, रत्नागिरी, देवगड, मालवण. पुळणीपासून थोडं लांब नांगर टाकायचा, रबरी होडीनं किनाऱ्यावर जायचं आणि रात्री बोटीत झोपायचं, असा विचार आहे. रोजचं अंतर साधारण सारखं पडेल असं बघितलंय. डिसेंबरच्या सुरुवातीला निघावं म्हणतो.

हे मुक्काम बरोबर आहेत का? पेट्रोल वाटेत कुठे मिळेल? कुणाकुणाला कळवावं लागतं? बोट मीच चालवतो, सौ.ला चालवता येत नाही. पण तिला पाण्याची भीती नाही आणि बोट लागत नाही, त्यामुळे तिची काळजी नाही. ज्यांनी स्वतः लहान बोटीनं हा किनारा केलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

वाघोटणकाठ

रेवसकर काका, नमस्कार. आम्ही नवरा-बायको विजयदुर्गचे. आमची बोट २६ फुटी, डिझेलची, सात नॉटच्या (ताशी सात सागरी मैलांच्या) वर जात नाही. हिवाळ्यात तिच्यातून कधी उत्तरेला श्रीवर्धनपर्यंत तर कधी दक्षिणेला वेंगुर्ल्यापर्यंत आमचं जाणं-येणं असतं. तुमचा बेत वाचून फार आनंद झाला. जाच. पण मुक्कामांची यादी आधी बदला.

हरिहरेश्वर, गुहागर, गणपतिपुळे ही तिन्ही गावं उघड्या समुद्रावर आहेत, आडोसा कुठलाच नाही. सकाळी तिथे नांगर टाकलात तर वाटेल, याहून चांगली जागा नसेल. डिसेंबरात पहाटे मतलई वारा जमिनीकडून येतो आणि समुद्र तव्यासारखा सपाट असतो. बारा वाजायच्या सुमारास तो पडतो आणि वायव्येकडून खारा वारा चढायला लागतो. चार वाजेपर्यंत लाटा उभ्या राहतात. तुमच्या मापाची बोट त्यात संध्याकाळभर आडवी लोळेल, झोप लागणार नाही, आणि रात्री नांगर सुटला तर मागे पुळण आहे. फुटत्या लाटांतून रबरी होडीनं उतरणं तर करूच नका.

ही गावं सोडायचीही नाहीत. बोट खाडीत ठेवायची आणि गावात रस्त्यानं जायचं. बाणकोटच्या खाडीत राहिलात की बागमांडल्याहून हरिहरेश्वर अगदी जवळ. दाभोळच्या खाडीतून धोपाव्याला उतरलात की गुहागर. जयगडहून गणपतिपुळे. रिक्षा मिळते, एसटी मिळते. आपल्या किनाऱ्यावर रात्र काढायची ती खाडीत, हे एकदा मनाशी पक्कं केलं की बाकीचा बेत आपोआप बसतो. मुंबईहून गोव्याला जाणारी आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशीच थांबत जायची. माझ्या आई-वडिलांच्या पिढीचा सगळा मुंबईचा प्रवास त्याच वाटेनं झाला. ती बंदरं कुणी उगाच निवडली नव्हती. गुहागरसारखं देखणं गाव त्या यादीत नाही, दाभोळ आहे.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते ही सगळ्यात मोठी. तुम्ही रोजचं अंतर सारखं पाडलंय. तुमच्या बोटीला अंतराची अडचणच नाही. आपला किनारा जवळजवळ सरळ उत्तर-दक्षिण आहे, त्यामुळे अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल या हिशेबानं नकाशावर नुसती नजर टाकून अंतर काढता येतं. मांडवा ते राजपुरी सुमारे ३६ मैल, राजपुरी ते बाणकोट २०, बाणकोट ते दाभोळ २६, दाभोळ ते जयगड १८, जयगड ते रत्नागिरी २०, रत्नागिरी ते विजयदुर्ग २७, तिथून देवगड १२ आणि देवगड ते मालवण २१. बेरीज १८० च्या आसपास. बारा-चौदा नॉटनं आरामात गेलात तरी सगळ्यात लांबचा टप्पा तीन तासांचा. दिवस अवघड होतो तो खाडीच्या तोंडाशी.

बाणकोट, केळशी, आंजर्ले, पूर्णगड या खाड्यांच्या तोंडावर वाळू साचते आणि दर पावसाळ्यानंतर वाट थोडी सरकते. ओहोटीचं पाणी बाहेर पडत असताना समोरून लाट येत असेल तर त्या वाळूवर लाटा फुटतात. तिथे शिरायचं ते भरतीचं पाणी चढत असताना, शक्यतो भरतीच्या दुसऱ्या निम्म्यात. पाणी वाढतं असलं की बोट वाळूला टेकली तरी थोड्या वेळात पुन्हा तरंगते. उतरत्या पाण्यात टेकली तर पुढची भरती येईपर्यंत तिथेच, आणि तोवर खारा वारा सुटलेला असतो.

म्हणून निघायचा दिवस तारखेवरून ठरवू नका, तिथीवरून ठरवा. आपल्याकडचा जुना हिशेब तुम्हाला माहीत असेलच: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा. द्वितीयेला दीड. चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा. हा हिशेब मुंबई-अलिबागकडचा; दक्षिणेला जाल तशी भरती थोडी आधी लागते. मतलई वाऱ्यात सकाळी साडेसहा-सातला निघून तुम्ही दहा-अकराच्या सुमारास खाडीच्या तोंडाशी पोचणार. पौर्णिमा-अमावास्येपासून पुढे तृतीया-चतुर्थीपर्यंत त्या वेळी पाणी चढतं असतं. अष्टमीला निघालात तर नेमकी दुपारी बाराला पूर्ण ओहोटी, म्हणजे वाळूही उघडी आणि वाराही सुटलेला.

आणि तुमच्या वाटेवर गंमत अशी आहे की पूर्णगड सोडलं तर उथळ तोंडांच्या खाड्या सगळ्या पहिल्या निम्म्यात येतात. पुढे जयगड आणि विजयदुर्ग खोल, कुठल्याही पाण्याला शिरता येतं. पौर्णिमेला किंवा अमावास्येला राजपुरीहून निघालात तर उथळ भाग चांगल्या तिथ्यांत उरकतो आणि नंतर तिथीची फारशी पर्वा उरत नाही. केळशीला मात्र बोट नेऊ नका, बाणकोटहून रस्त्यानं जाऊन या. पूर्णगडलाही रत्नागिरीहून गाडीनंच.

राजपुरी तुम्हाला माहीत आहे. जंजिऱ्याच्या आत, दिघीच्या बाजूनं आडोसा बरा मिळतो. जाता-येता पद्मदुर्ग डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी बघून घ्या, किनाऱ्यावरून तो एवढा कधीच कळत नाही. दाभोळला शिरताना खोल पाणी दक्षिणेकडे, अंजनवेलच्या टेकडीखाली आहे. तिथे एलएनजीची, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूची, मोठी जहाजं येतात, त्यांच्या धक्क्याच्या आसपास रेंगाळायचं नाही. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ, सगळीकडे फेरीबोटी चालतात. त्यांच्या धक्क्याला बोट बांधू नका, माणसं उतरवून लगेच बाजूला व्हा. जयगडलाही मोठं बंदर आहे, कोळशाची जहाजं असतात. त्यांना वळायला मैलभर लागतो आणि तुमची २३ फुटी बोट त्यांना दिसेलच याचा भरवसा धरू नका. रत्नागिरीला मिरकरवाड्यात इतकी गर्दी असते की आधी कुणाशी बोलून जागा ठरवल्याशिवाय जाऊ नये. पण इंजिनचं काही काम निघालं तर मेकॅनिक आणि सुटे भाग तिथेच मिळतील, म्हणून एक दिवस जास्तीचा ठेवा.

विजयदुर्गबद्दल मी पक्षपातानं लिहिणार हे उघड आहे, तरी लिहिते. किल्ल्याला तिन्ही बाजूंनी पाणी आणि त्याच्या मागे वाघोटण खाडी. पश्चिमेकडून येताना किल्ल्याला खेटून येऊ नका. त्या बाजूला खडक आहेत आणि पाण्याखाली बांधलेली भिंत असल्याचं समुद्र-संशोधकांनीही नोंदवलंय. लांबून वळसा घेऊन उत्तरेकडून आत या. एकदा बुरुजांच्या मागे आलात की वारा एकदम तुटतो. आंग्र्यांनी आरमार इथे का ठेवलं हे पुस्तकात वाचून जेवढं कळतं त्याहून जास्त त्या एका वळणावर कळतं. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यातून आत आल्यावर समोर शांत, हिरवं पाणी असतं. रबरी होडी घेऊन खाडीनं वर गिर्येकडे जा, कातळात कोरून काढलेली आंग्र्यांची गोदी आहे. जहाजं दुरुस्तीला तिथे आत घ्यायचे. बोटीतून प्रवास करणाऱ्या माणसानं ती बघितलीच पाहिजे. गिर्येचं रामेश्वराचं देऊळ आणि तिथे उतरणारी कातळातली वाट दोघांनी मिळून सावकाश बघा. दोन रात्री द्या, निदान.

देवगड छोटं आणि नीट बंदिस्त बंदर आहे, काळजी नाही. मालवणात मात्र पहिल्यांदा शिरताना स्थानिक तांडेल, म्हणजे तिथली वाट माहीत असलेला बोटवाला, बोटीवर घ्या. सिंधुदुर्गाभोवती खडक इतके पसरलेत की भरतीला त्यातले निम्मे दिसत नाहीत, आणि नकाशावरच्या ठिपक्यांवर विसंबून कुणी जाऊ नये. महाराजांनी १६६४ मध्ये ते बेट निवडलं ते याच खडकांमुळे. नांगर तांडेल सांगेल तिथेच टाका. त्या भागात प्रवाळ आहे, १९८७ पासून अभयारण्य आहे. एक नांगर ओढला गेला की कितीतरी वर्षांची वाढ मोडते.

आता शेवटचं, आणि हे मी काकींसाठी लिहितेय. तुम्ही लिहिलंत, तिला बोट चालवता येत नाही, पण तिची काळजी नाही. काका, मला काळजी तुमची वाटते. पाय घसरून तुम्ही पाण्यात पडलात किंवा केबिनमध्ये चक्कर येऊन पडलात, तर त्या बोटीवर दुसरं कुणी नाही. काकींना इंजिन न्यूट्रलला आणणं, बोट वळवणं, तुमच्याकडे वाऱ्याच्या खालून येणं, शिडी सोडण्याआधी इंजिन बंद करणं, व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरवर बोटीचं नाव, जागा आणि माणसं किती ते सांगणं, हे सगळं हातात बसलेलं हवं. किल स्विचची (ओढली की इंजिन बंद करणारी) दोरी जो चालवेल त्याच्या अंगाला, अपवाद नाही.

आमच्या बोटीवर खाडीत शिरताना आणि नांगर टाकताना सुकाणू माझ्याकडे असतं. नांगर उचलायला, दोर ओढायला ताकद लागते, ती ह्यांच्याकडे जास्त. सुकाणूला नजर आणि सावकाशपणा लागतो. बहुतेक बोटींवर मी उलटं बघते: गृहस्थ सुकाणू धरून ओरडतात आणि बाई पुढे जाऊन तो जड नांगर उचलत असते. तुम्ही दोघं आपापलं काम आधीच नीट वाटून घ्या.

कागदपत्रांचं म्हणाल तर सागरी मंडळाची नोंदणी, विमा आणि दोघांची ओळखपत्रं जवळ ठेवा. प्रत्येक बंदरात बंदर निरीक्षकांना आणि सागरी पोलिसांना पोचल्यावर आणि निघताना कळवा. २००८ नंतर अनोळखी बोटीची चौकशी होतेच, आणि ती व्हायलाच हवी. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन्ही नंबर केबिनमध्ये मोठ्या अक्षरात चिकटवा.

पाजपंढरीकर

वाघोटणताईंनी सांगितलं ते सगळं बरोबर. पण एक गोष्ट राहिली आणि ती उधाणाशीच जोडलेली आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाण्याला ओढ असते, म्हणून डोलीची जाळी त्याच दिवसांत लागतात. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी मंद, तेव्हा डोलकर घरी असतात. म्हणजे ज्या तिथीला तुम्हाला खाडीत शिरायला सोपं, त्याच तिथीला रायगडच्या किनाऱ्यावर डोली जास्त. निघू नका असं नाही म्हणत. माहीत असू द्या.

डोल एका जागी बांधलेली असते. तोंड ओढीच्या समोर, तिथे मोठे बोये किंवा पिंपं दिसतात. शेपटी ओढीच्या दिशेला लांब, तिच्यावर लहान बोया. मोठा बोया आणि लहान बोया यांच्यामधून कधी जाऊ नका, सगळं जाळं तिथेच आहे. वाहत्या जाळ्यांचं वेगळं. एका टोकाला बोट असते, दुसऱ्या टोकाला झेंडी, रात्री दिवा. मधली लांबी मैलभरसुद्धा असते. बोटीच्या किंवा झेंडीच्या बाहेरून वळसा घाला. कळलं नाही तर बोटीजवळ जाऊन हात करून विचारा, नाखवा हातानं वाट दाखवतो. दुपारनंतर ऊन पश्चिमेचं, पाणी चकाकतं, उजवीकडचे बोये अजिबात दिसत नाहीत. सकाळी निघण्याचं हेही एक कारण.

जाळं पंख्यात गुंतलंच तर इंजिन लगेच बंद, वर उचला आणि हातानं सोडवा. सुरी शेवटी. एका जाळ्यात एका घराचा हंगाम असतो, आणि ज्याचं जाळं त्याला शोधून सांगा. सांगितलंत तर कुणी रागावत नाही. न सांगता कापून गेलेल्या बोटीची बातमी तुमच्या आधी पुढच्या बंदरात पोचते.

हर्णैला थांबाल तर बोट सुवर्णदुर्ग आणि किनारा यांच्यामध्ये ठेवा, किल्ल्याचा आडोसा मिळतो. पण ती खाडी नाही. वारा वाढला की आमच्याही बोटी आंजर्ल्याच्या खाडीत जातात, आणि तिथेही आता गाळ आहे. तुम्ही तिथली वाट स्वतः शोधत बसू नका, आमच्यातल्या एखाद्या बोटीच्या मागोमाग जा. हवा चांगली असेल तर दुपारचा लिलाव बघा. बोटी पुळणीच्या जवळ येतात, मासळी उतरवायला बैलगाड्या पाण्यात जातात. काकींना म्हणावं, टोपलीच्या बोलीत उतरू नका, ती व्यापाऱ्यांची. बाजूला बायका वाटे लावून बसतात, तिथे घ्या. पापलेट महाग वाटलं तर त्या दिवशीची बांगडे-सौंदाळे विचारा.

आणि बंदरावर बावटा बघायची सवय लावा. तीन नंबरचा, म्हणजे खराब हवेच्या इशाऱ्याचा, बावटा लागला की आम्ही निघत नाही, तुम्हीही निघू नका. नोव्हेंबर-डिसेंबरात अरबी समुद्रात वादळ उठलं की ते दूर असलं तरी इथे लाट येते. ऊन पडलेलं असतं, वारा नसतो आणि खाडीच्या तोंडावर मात्र पाणी फुटत असतं.

फोरस्ट्रोक

फक्त पेट्रोलपुरतं. ११५ चं इंजिन ३५००-४००० आरपीएमला तासाला २०-२५ लिटर घेतं, म्हणजे भरलेल्या बोटीनं मैलाला साधारण दीड लिटर धरा. १८० मैलांना २७० लिटर. टाकीचे तीन भाग समजा: एक जायला, एक परत फिरायला, एक हात न लावायचा. तुमचे टप्पे लहान आहेत, त्यामुळे २०० लिटरची टाकी पुरते, पण निम्मी झाली की भरायचीच.

कोळी सोसायट्यांच्या पंपावर डिझेल असतं आणि तेही सभासदांसाठी. पेट्रोल रस्त्यावरच्या पंपावरून कॅनमध्ये आणावं लागेल, रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेवा. चांगले, घट्ट झाकणाचे कॅन सोबत घ्या. भरताना इंजिन बंद, गॅस बंद, केबिनचं दार बंद, काकी धक्क्यावर. भरून झाल्यावर सगळं उघडून वाफ जाऊ द्या, मगच चावी फिरवा. पाणी वेगळं करणारा फिल्टर लावलेला नसेल तर निघण्याआधी लावा आणि दोन सुटे ठेवा, कॅनच्या पेट्रोलमध्ये पाणी येतंच. एक जादा पंखा, त्याची पिन आणि नट, आणि तो बदलायचा पाना. संध्याकाळी जमलं तर गोड्या पाण्यानं इंजिन धुवा.

रेवसकर

सर्वांचे मनापासून आभार. मी रेवसकरांची पत्नी लिहितेय. त्यांनी मला सगळे प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवले आणि वाघोटणताईंचा शेवटचा भाग वाचून फोन माझ्या हातात दिला.

आम्ही बेत बदललाय. राजपुरी, बाणकोट, हवा असेल तर हर्णै, मग दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्गला दोन रात्री, देवगड, मालवण. कॅलेंडरवर तिथ्या बघून निघायचा दिवस पौर्णिमेच्या आदल्या दिवसाचा धरलाय, म्हणजे पौर्णिमेला सकाळी राजपुरीहून बाणकोटकडे.

मला बोट चालवायची फार इच्छा होती. मोकळ्या पाण्यात मी सुकाणू धरलंय, तिथे काही वाटत नाही. धक्क्याजवळ, इतर बोटींच्या गर्दीत आणि पाण्याला ओढ असताना बोट कुठे जाईल याचा अंदाज येत नाही. पुढे ढकलली तर जोरात जाते, सोडली तर बाजूला वाहते. हे शिकायला कुठून सुरुवात करू? आणि नांगराचा दोर किती सोडायचा हेही सांगाल का? आजवर मुरूडला तो यांनीच अंदाजानं सोडला.

वाघोटणकाठ

काकी, तुम्ही स्वतः लिहिलंत, फार बरं वाटलं.

धक्क्यापासून सुरुवात करू नका. मांडव्याच्या मोकळ्या पाण्यात एक रिकामं प्लास्टिकचं पिंप दोरीला दगड बांधून सोडा, तोच तुमचा धक्का. आधी इंजिन न्यूट्रलला ठेवून नुसतं बघा, बोट कुठे वाहते. वारा नेतोय की पाण्याची ओढ, आणि दोन्हीतलं कुठलं जास्त, हे कळेपर्यंत काहीच करू नका. मग ज्याचा जोर जास्त त्याच्या समोर नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, करून पिंपाकडे जा. ओढीच्या समोरून गेलं की बोट आपोआप सावकाश होते आणि तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो. ओढीबरोबर गेलात तर थांबवताच येत नाही. गिअर टाका, दोन-तीन सेकंद, काढा. पुन्हा टाका, काढा. सतत गिअरमध्ये ठेवून धक्क्याला कुणी नीट येत नाही. जमत नाहीये असं वाटलं की न लाजता बाहेर पडा, मोठा वळसा घ्या, पुन्हा या. आम्ही अजूनही जयगडला असंच करतो, तिथे ओहोटीची ओढ जोरदार असते.

भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास सकाळी, आधी हे शिका. पाणी मंद असतं. पिंपाजवळ बोट हात पोचेल इतकी थांबवता यायला लागली की मग उधाणाला तेच करा, आणि त्यानंतर धक्का. त्या वेळी काकांनी पुढे उभं राहायचं आणि फक्त हातानं खुणा करायच्या. इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत आणि ओरडण्यानं माणूस गोंधळतो. आमच्या खुणा चारच आहेत: पुढे, मागे, थांब, बाहेर पड. तुमच्या तुम्ही ठरवा, पण किनाऱ्यावर असतानाच.

दोराचं असं. नांगर टाकताना खोली बघायची आणि त्यात भरतीनं अजून किती पाणी चढणार ते मिळवायचं. मुंबईला उधाणाला साडेचार मीटरच्या आसपास चढ-उतार असतो, मालवणला त्याच्या साधारण निम्मा. समजा बाणकोटला तुम्ही ओहोटीच्या वेळी तीन मीटरात नांगर टाकला आणि पाणी अजून तीन मीटर चढणार आहे. सहा मीटर झाले, त्यात नाळेची उंची एक मीटर. सात. त्याच्या निदान पाचपट, म्हणजे ३५ मीटर दोर बाहेर हवा, आणि नांगराला लागून चार-पाच मीटर साखळी. खाड्यांत चिखल आहे, नांगर छान धरतो. उलट भरतीला टाकलात तर ओहोटीला खाली किती उरेल ते आधी मोजा, नाहीतर पहाटे बोट चिखलात कलंडलेली असेल. पाणी फिरलं की बोट पूर्ण गोल फिरते, म्हणून आजूबाजूला तेवढी मोकळी जागा बघा. दोन पडावांच्या (नांगरलेल्या होड्यांच्या) मध्ये कितीही सोयीचं दिसलं तरी तिथे नको.

दोरावर दर पाच मीटरला रंगीत सुतळी घट्ट विणून घ्या. अंधारात बोटांना मोजता येईल अशा गाठी मारल्यात तर आणखी चांगलं. तुमच्याकडे दोर ५० मीटरपेक्षा कमी असेल तर निघण्याआधी नवा घ्या.